मोटरहोममधील मैलाटाकीच्या झडपा : रचना, बिघाड, बदल आणि देखभाल – एक विवेचन

बीजशब्द : मोटरहोम, मैलाटाकी, सांडपाणी, सरकती झडप, रबरी सील, सार्वजनिक आरोग्य, कॅरव्हान पर्यटन

प्रस्तावना

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण मराठीत अस्थिर संसाराविषयी वापरली जाते. अमेरिकेत मात्र पाठीवरचे बिऱ्हाड ही हौसेची आणि प्रतिष्ठेची बाब ठरली आहे. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हा परिसर या वाहनांच्या निर्मितीचे प्रमुख केंद्र मानला जातो. शयनगृह, स्वयंपाकघर, स्नानगृह आणि शौचालय एकाच वाहनात सामावणारी ही मोटरहोम तेथील महामार्गांवर नेहमी दृष्टीस पडतात. निवृत्त दांपत्ये वर्षातील अनेक महिने अशा वाहनातच राहतात. हिवाळ्यात ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात त्यांची मोठी वसाहतच उभी राहते. अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यनच्या सहलीसाठी ही वाहने भाड्याने घेतात.

अशा वाहनाविषयीच्या लेखनात इंजिन, अंतर्गत सजावट, सौरऊर्जा यांवर विपुल मजकूर आढळतो. ज्या एका भागावर प्रवाशांचे आरोग्य आणि मुक्कामाच्या जागेची स्वच्छता अवलंबून असते, तो भाग मात्र दुर्लक्षित राहतो. हा भाग म्हणजे मैलाटाकीच्या तळाशी बसविलेली प्लास्टिकची झडप. घरातील शौचालयाचा मैला नळावाटे भुयारी गटारात जातो आणि आपला त्याच्याशी संबंध संपतो. मोटरहोममध्ये तो संबंध संपत नाही. मैला वाहनाबरोबर प्रवास करतो आणि त्याच्या व माणसाच्या हाताच्या मध्ये केवळ काही मिलिमीटर जाडीचे एक पाते असते. प्रस्तुत लेखात या झडपेची रचना, तिच्या बिघाडाची कारणे, ती बदलण्याची रीत आणि तिची देखभाल यांचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे. महाराष्ट्रात कॅरव्हान पर्यटनाचे धोरण २०२१ मध्ये स्वीकारले गेले असल्याने हा विषय आपल्याला सर्वस्वी परका राहिलेला नाही.

टाक्यांची व्यवस्था आणि झडपेची रचना

सर्वसाधारण अमेरिकी मोटरहोममध्ये तीन प्रकारच्या टाक्या असतात. पहिली पिण्याच्या व वापराच्या स्वच्छ पाण्याची. दुसरी मोरी, न्हाणी व भांडी घासण्याच्या सांडपाण्याची. हिला तेथे 'करडी टाकी' म्हणतात. तिसरी शौचालयाच्या मैल्याची, म्हणजे 'काळी टाकी'. मध्यम आकाराच्या वाहनात काळ्या टाकीची क्षमता साधारणतः ३० ते ५० गॅलन, म्हणजे सुमारे ११५ ते १९० लिटर असते. काळ्या टाकीचा निर्गम नळ ३ इंच व्यासाचा, तर करड्या टाकीचा बहुधा दीड इंचाचा असतो. दोन्ही नळ पुढे एकत्र येतात आणि वाहनाच्या बाजूस असलेल्या एकाच तोंडाशी संपतात. या तोंडाला लवचीक नळी जोडून टाक्या रिकाम्या केल्या जातात. प्रत्येक टाकीच्या मार्गात स्वतंत्र झडप असते आणि शेवटच्या तोंडावर फिरवून बसविण्याचे टोपण असते.

ही झडप 'गेट' प्रकारची, म्हणजे सरकत्या पात्याची असते. आपल्याकडे पाटाच्या पाण्याची दारे वरखाली सरकवून प्रवाह सोडतात व अडवितात, तेच तत्त्व येथे लहान प्रमाणात योजलेले असते. दोन प्लास्टिक भागांच्या चपट्या कवचात एक पातळ पाते मागेपुढे सरकते. पात्याला धातूचा दांडा व दांड्याच्या टोकाला मूठ असते. कवचाच्या दोन्ही बाजूंस नळाचे फ्लँज येतात, फ्लँज आणि कवच यांच्यामध्ये एकेक रबरी सील बसते आणि चार बोल्ट हे सर्व एकत्र आवळून धरतात. काही वाहनांत झडप टाकीजवळ खोलवर असते. तेथे मूठ दूर बाजूस आणून मधले अंतर तारेच्या केबलने जोडलेले असते. महागड्या वाहनांत विजेच्या लहान मोटारीवर चालणाऱ्या झडपाही आढळतात.

इतक्या साध्या प्लास्टिकच्या पात्यावर दोनशे लिटर मैल्याचा भार कसा सोपविला जातो, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर द्रवस्थितिशास्त्रात मिळते. द्रवाचा दाब टाकीतील एकूण आकारमानावर नव्हे, तर द्रवस्तंभाच्या उंचीवर अवलंबून असतो. मोटरहोमच्या टाक्या पसरट असतात. टाकीत ६० सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी आहे असे मानले, तर तळाशी दाब सुमारे ६ किलोपास्कल भरतो. ३ इंच व्यासाच्या पात्याचे क्षेत्रफळ सुमारे ४५ चौरस सेंटिमीटर असते. म्हणजे पात्यावर येणारे एकूण बल सुमारे २७ न्यूटन, पावणेतीन किलो वजनाइतके होते. भाजीची भरलेली पिशवीही याहून जड असते! तेव्हा ही झडप दाबाने फुटते अशी जी समजूत काही वाहनधारकांत आढळते, तिला आधार नाही.

बिघाडाची कारणमीमांसा

पाते ज्या खाचेत जाऊन बसते ती अरुंद खाच हेच या रचनेचे मर्मस्थान होय. टाकी रिकामी करताना प्रवाहाच्या शेवटी वेग मंदावतो आणि कागदाचे तंतू, घन मैला किंवा अन्नाचे कण या खाचेत रेंगाळतात. पाते बंद करताना ते पुढे ढकलले जाऊन तळाशी दाबले जातात. पाते एक-दोन मिलिमीटर अलीकडे थांबते, मूठ मात्र पूर्ण आत गेल्यासारखी वाटते. गळती येथून सुरू होते.

दुसरे कारण रबराचे वाळणे. वाहन महिनोन्महिने उभे राहिले, टाक्या कोरड्या पडल्या की सीलचा मऊपणा जातो. पाते खेचताना ते दुमडते किंवा कापले जाते. काही वाहनधारक घट्ट झालेल्या झडपेवर हाताशी असेल ते खनिज तेल वा ग्रीस चोपडतात. पेट्रोलियमजन्य पदार्थांनी अनेक प्रकारचे रबर फुगते, म्हणून आजचे सुलभ सरकणे उद्याच्या गळतीला कारण ठरते. तिसरे कारण थंडीचे. तापमान शून्य अंशाखाली गेले की झडपेत उरलेले पाणी गोठते आणि गोठलेल्या झडपेची मूठ जोराने ओढल्यास दांडा पात्यापासून निखळतो. केबलच्या झडपांत तर झडप निर्दोष असूनही केबल गंजल्यामुळे किंवा तीव्र वळणांमुळे अडते.

चौथे कारण वापराच्या सवयीचे असून प्रस्तुत लेखकाच्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. मुक्कामाच्या जागी गटाराची जोडणी उपलब्ध असली की अनेक जण काळ्या टाकीची झडप सतत उघडी ठेवतात. घरातील शौचालयही असेच थेट गटाराला जोडलेले असते, असा त्यामागील तर्क असतो. परंतु घरातील नळाला पुरेसा उतार असतो आणि प्रत्येक वेळी बरेच पाणी एकदम वाहते. मोटरहोमचे शौचालय अत्यल्प पाण्यावर चालते. परिणामी द्रव निघून जातो, घन भाग शौचपात्राच्या खाली टाकीत साचत राहतो आणि कालांतराने त्याचा कठीण ढीग तयार होतो. म्हणून झडप बंद ठेवावी, टाकी किमान दोन-तृतीयांश भरू द्यावी आणि मग ती एकदम, पूर्ण वेगाने रिकामी करावी. प्रवाहाचा वेग हाच येथे झाडूचे काम करतो.

गळतीचा अर्थ

झडपेतून एखादा थेंब गळणे ही किरकोळ बाब वाटते. पण हिशेब केला असता चित्र बदलते. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर सेकंदाला एक थेंब या गतीने दिवसात सुमारे ४.३ लिटर द्रव झिरपतो. झडपेच्या पुढील ३ इंची नळाची धारणक्षमता मीटरला सुमारे साडेचार लिटर असते. म्हणजे शेवटच्या टोपणामागे एका दिवसरात्रीत जवळजवळ मीटरभर नळ मैल्याने भरून राहतो. दुसऱ्या दिवशी नळी जोडण्यासाठी टोपण फिरविणाऱ्याच्या हातांवर, कपड्यांवर आणि पायाखालच्या जमिनीवर तो अनपेक्षितपणे कोसळतो. भाड्याच्या वाहनात तर टोपण काढणारा आणि झडप बिघडविणारा हे बहुधा वेगळे असतात. आधीच्या प्रवाशाच्या हयगयीचा उपसर्ग पुढच्याला पोहोचतो. मैल्यात आतड्याचे विकार निर्माण करणारे जिवाणू व विषाणू असतात, हे येथे वेगळे सांगावयास नको.

वायूंचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. साचलेल्या मैल्यातून मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड निर्माण होतात. यातील हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा किंचित जड असून त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढल्यावर नाकाची त्याला ओळखण्याची शक्ती मंदावते, म्हणून 'वास येईनासा झाला' याचा अर्थ धोका टळला असा घेऊ नये. टाकीला छतापर्यंत नेलेली वायुनलिका असते आणि मोरीखालच्या वाकड्या नळातील पाणी वायूला अडविते. दुर्गंधी गाडीच्या आत येत असेल तर प्रथम हे वाकडे नळ कोरडे पडले आहेत काय ते पाहावे. गाडीच्या खाली, टोपणाजवळ येत असेल तर झडपेचा संशय घ्यावा.

गळणारी झडप कोणती, हे ठरविणे अवघड नसते. टोपण काढल्यावर येणारे पाणी साबणाचे व तेलकट असेल तर करडी झडप, अन्यथा काळी. टाकीचा निर्देशक मात्र विश्वासार्ह मानू नये. त्याच्या संवेदकांवर कागद चिकटतो आणि रिकामी टाकीही भरलेली दिसते.

गळती लक्षात येताच झडप बदलावयास धावू नये. टाकीत स्वच्छ पाणी भरावे, नळी जोडावी, झडप उघडून प्रवाह सुरू असतानाच ती अनेकदा आतबाहेर करावी. खाचेत अडकलेला कचरा पुष्कळदा एवढ्यानेच निघून जातो. एवढे करूनही गळती राहिली तर सील गेले आहे असे समजावे.

झडप बदलण्याची रीत

प्रथम दोन्ही टाक्या अधिकृत निःसारण केंद्रावर रिकाम्या कराव्यात आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवाव्यात. वाहन समपातळीवर, चाकांना अडण्या लावून उभे करावे. नायट्रिलचे हातमोजे, डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि खाली पसरट बादली यांशिवाय कामाला हात घालू नये. टाकी कितीही धुतली तरी नळात लिटरभर पाणी उरतेच आणि ते तोंडाजवळ, खालून वर पाहणाऱ्या माणसावर पडते.

जुन्या झडपेची मूठ कोणत्या दिशेला आहे याचे छायाचित्र काढून ठेवावे. त्यानंतर चारही बोल्ट सोडवावेत. रस्त्यावरील पाणी व मीठ यांमुळे ते गंजलेले असतात. पाना फिरत नसल्यास बोल्ट कापून काढणे श्रेयस्कर, कारण जोर लावल्यास फ्लँजला तडा जातो आणि अर्ध्या तासाचे काम दिवसाचे होते. बोल्ट निघाल्यावर फ्लँज एकमेकांपासून हलकेच दूर करून झडप मधून सरकवून बाहेर घ्यावी. नळ ताठ असेल व जागा मिळत नसेल तर नळाला धरणारे टांगणीचे पट्टे ढिले करावेत. धारदार हत्यार आत खुपसून फट वाढवू नये.

जुनी सील काढताना ती कोणत्या बाजूने बसली होती हे पाहून ठेवावे. फ्लँजचे पृष्ठभाग कापडाने स्वच्छ पुसावेत; त्यावर ओरखडे, रेती किंवा वाळलेला मैला राहता कामा नये. नवीन झडप आणताना नवीन सील घेणे अनिवार्य आहे. जुनी सील 'अजून बरी दिसतात' म्हणून ठेवणे ही काटकसर नव्हे. सीलवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्यावा, ती फ्लँजच्या वर्तुळाकार कडेवर सारखी बसवावीत आणि मग नवी झडप, पाते बंद स्थितीत ठेवून, दोहोंच्या मध्ये सरकवावी. या संपूर्ण कामातील नाजूक क्षण हाच होय. झडप आत जाताना सीलची कडा तिच्याबरोबर ओढली जाऊन दुमडते. बाहेरून काही दिसत नाही, बोल्टही नीट बसतात आणि पहिल्याच मुक्कामात गळती पुन्हा सुरू होते. म्हणून बोल्ट घालण्यापूर्वी बोट फिरवून सील सर्व बाजूंनी सपाट आहे याची खात्री करावी.

बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे आवळावेत. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळल्यास कवच तिरपे होते व पाते अडकू लागते. येथे सील दाबले गेले की काम झाले. प्लास्टिकवर लोखंडी घरकामाचा जोर लावू नये. मूठ चार-सहा वेळा आतबाहेर करून पाहावी, टाकीत वीस-तीस लिटर स्वच्छ पाणी सोडावे आणि टोपण उघडे ठेवून काही तास थेंब पडतो का ते पाहावे. ही चाचणी केल्याखेरीज टाकीत मैला जाऊ देऊ नये.

फ्लँजच फुटला असेल तर नळ कापून नवीन फ्लँज चिकटवावा लागतो. या वाहनांत काळ्या रंगाचे एबीएस प्लास्टिकचे नळ सर्रास असतात आणि त्यांचे द्रावक चिकटद्रव्य आपल्या ओळखीच्या पीव्हीसीच्या चिकटद्रव्याहून वेगळे असते. एकासाठी दुसरे वापरल्यास जोड धरल्यासारखा वाटतो, टिकत नाही.

प्रवासात असताना झडप बदलणे शक्य नसेल तर शेवटच्या तोंडावर टोपणाच्या जागी फिरवून बसणारी जादा झडप लावता येते. ही सोय चांगली आहे, परंतु तिने मूळ गळती थांबत नाही. गळलेला मैला तिच्यामागे साचतो. नळी जोडल्यानंतरच ती उघडावयाची असते, एवढाच तिचा लाभ आणि तोही कमी नाही. अनेक जण ती कायमचीच ठेवतात, आणि ते योग्यच आहे.

देखभाल

रिकामी करण्याचा क्रम आधी काळी, नंतर करडी असा ठेवावा, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी व समाईक नळ धुतला जातो. काळी टाकी रिकामी होताच तिच्यात पाच-सात लिटर पाणी घालून ठेवावे. तळ कोरडा पडला की पुढचा मैला तेथेच चिकटतो. लवकर विरघळणारा कागदच वापरावा. ओले रुमाल विघटनशील असल्याचा दावा वेष्टनावर असला तरी ते टाकू नयेत, खाचेत अडकणाऱ्या वस्तूंत त्यांचा क्रमांक वरचा आहे. मूठ बाहेर ओढून उघड्या पडलेल्या दांड्यावर सिलिकॉनचा फवारा मारावा व मूठ काही वेळा आतबाहेर करावी. थंड प्रदेशात वाहन हिवाळ्यासाठी उभे करताना टाकीत प्रॉपिलिन ग्लायकॉलयुक्त गोठणरोधक घालतात. त्याने झडप गोठत नाही आणि सीलही ओलसर राहते. इंजिनासाठीचे एथिलिन ग्लायकॉल विषारी असल्याने येथे वापरू नये. दुर्गंधीनाशक म्हणून फॉर्माल्डिहाइडयुक्त द्रावणे पूर्वी पुष्कळ वापरली जात. ती सेप्टिक टाकीतील उपयुक्त जिवाणूंना मारक असल्याने अनेक मुक्कामस्थळांवर त्यांना मनाई असते.

एक दक्षता मात्र वेगळी नोंदविली पाहिजे. टाकी धुण्याची नळी आणि पिण्याचे पाणी भरण्याची नळी कधीही एक असू नये. नळीचे तोंड घाण पाण्यात बुडालेले असताना पुरवठ्याचा दाब अचानक कमी झाला तर घाण पाणी उलट खेचले जाते. यासाठी धुण्याच्या जोडणीवर उलट प्रवाह रोखणारे साधन बसवितात. ते नसेल तर एका वाहनाची हयगय त्याच नळावर पाणी भरणाऱ्या सर्वांना भोवू शकते.

महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणात कॅरव्हान आणि कॅरव्हान पार्क अशा दोहोंचा विचार आहे. केरळनेही त्याच वर्षी आपली कॅरव्हान पर्यटन योजना जाहीर केली. अशा वाहनांची संख्या वाढेल तशी अमेरिकी पुस्तिकांतील सूचना जशाच्या तशा उचलून चालणार नाही. आपल्याकडे शौचानंतर पाणी वापरण्याची पद्धत असल्याने कागदाचे तंतू कमी जातील, खाच तुंबण्याचे एक मोठे कारण दूर होईल. मात्र पाणी अधिक गेल्याने काळी टाकी लवकर भरेल. उलट करड्या टाकीची झडप आपल्याकडे अधिक त्रास देईल असे अनुमान करता येते. फोडणीचे तेल, भाताची शिते, डाळीचा साका हे सारे मोरीतून तिच्यातच जाते, आणि दीड इंचाच्या नळात त्याचा थर बसावयास वेळ लागत नाही. भांडी घासण्यापूर्वी पुसून घेणे आणि मोरीला बारीक जाळी लावणे एवढे दोन उपाय येथे पुरेसे ठरावेत. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात टाकीतील किण्वनाचा वेगही वाढतो, तेव्हा टाकी रिकामी करण्यातील अंतर कमी ठेवावे लागेल.

खरा प्रश्न आहे तो ही झडप हाताळणार कोण, हा. अमेरिकेत वाहनाचा मालक किंवा भाडेकरू हातमोजे घालून हे काम स्वतः करतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. आपल्याकडे वाहन चालकासह भाड्याने दिले गेले तर नळी जोडण्याचे काम चालकाकडे, आणि टाकी तुंबली की ती 'साफ करून देणाऱ्या' माणसाकडे जाईल, व तो माणूस कोणत्या समाजातून येईल हे आपल्या समाजाचा इतिहास पाहता सांगावे लागत नाही. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर प्रतिबंध घालणारा केंद्राचा कायदा २०१३ मध्ये झाला आणि त्यात गटारे व सेप्टिक टाक्यांच्या धोकादायक सफाईलाही मनाई आहे. नव्या पर्यटनाच्या निमित्ताने जुनी प्रथा चाकांवर बसून परत येऊ नये, याची काळजी वाहन बांधतानाच घेता येते. झडप गाडीच्या पोटाखाली न ठेवता बाजूच्या कप्प्यात, उभ्याने हात पोहोचेल अशा उंचीवर बसवावी. चारही बोल्ट साध्या पान्याने निघावेत आणि ते न गंजणाऱ्या पोलादाचे असावेत. तोंडाजवळील नळाचा एक भाग पारदर्शक असावा, म्हणजे आत काय साचले आहे ते टोपण काढण्यापूर्वीच दिसेल. कॅरव्हान पार्कच्या निःसारण खड्ड्याशेजारी हात धुण्याचा नळ आणि पिण्याच्या पाण्याचा नळ यांत पुरेसे अंतर राखावे. भाडेकरारात सील बदलल्याची तारीख नोंदविण्याचा एक रकाना असावा, आणि वाहन ताब्यात देताना टोपण उघडून नळ कोरडा असल्याचे दोन्ही पक्षांनी पाहावे.